लॉजवर आधार देताय? आधी मास्क करा

आमच्या तळोद्याहून परीक्षेला नाशिक-पुण्याला गेलं की मुक्काम स्टँडजवळच्या स्वस्त लॉजवरच. काउंटरवर ओळखपत्र द्यावंच लागतं, पण आधारचा पूर्ण नंबर द्यायची गरज नसते. "फोटो व्हॉट्सॲप करा" म्हणतात, मग तो फोटो कुणाच्या फोनमध्ये किती दिवस राहील, हे आपल्या हातात नसतं.

म्हणून मी मास्क्ड आधार देतो. यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. नाव, फोटो, पत्ता तसाच राहतो.

कसं काढायचं?

१. यूआयडीएआयच्या मायआधार पोर्टलवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच येतो.
२. 'डाउनलोड आधार'मध्ये मास्क्डच्या पर्यायावर टिक करा.
३. पीडीएफचा पासवर्ड: नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, लगेच पुढे जन्मवर्ष.

हे घरूनच करून निघा, एक प्रिंटही सोबत ठेवा. लॉजवाले ऐकत नसतील तर मतदार कार्ड किंवा लायसन्स दाखवा. झेरॉक्सवर लॉजचं नाव, तारीख आणि 'फक्त मुक्कामासाठी' असं लिहा. आणि हो, खोली घेताना आधारचा ओटीपी कुणी मागितला तर अजिबात सांगू नका.