शिट्टी वाजल्यानंतरचा न्याय

मंडळी, आपल्याकडे रग्बी फारसं कुणी बघत नाही, हे मला ठाऊक आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ जुना आहे आणि अभिनेता राहुल बोस भारताकडून खेळलाय, एवढीच बहुतेकांची ओळख. तरीही आज रग्बी युनियनवर लिहितोय. कारण एक प्रश्न या खेळाला कित्येक वर्षं छळतोय आणि तो आपल्या गावातही पडतो. सगळ्यांनी पाहिलं, पण पंचाने पाहिलं नाही, तर गुन्हा घडला की नाही?

रग्बीत पंधरा-पंधरा धिप्पाड गडी एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या ढिगाऱ्याखाली कोण कुणाला काय करतंय, हे एकट्या रेफरीला दिसणं शक्यच नाही.

डिसेंबर 1978. वेल्समधलं ब्रिजेंड. न्यूझीलंडचा संघ, म्हणजे ऑल ब्लॅक्स, तिथल्या क्लबशी खेळत होता. ब्रिजेंडकडून होता जे. पी. आर. विल्यम्स, वेल्सचा नावाजलेला खेळाडू आणि पेशाने डॉक्टर. तो खाली पडलेला असताना जॉन ॲशवर्थचा खिळ्यांचा बूट त्याच्या चेहऱ्यावर आला. गाल फाटला, तीसेक टाके पडले. टाके घातले त्याच्या वडिलांनी, तेही डॉक्टरच. आणि हा पठ्ठ्या परत मैदानात उतरला! रात्रीच्या जेवणात वडिलांनी भाषणात नाराजी बोलून दाखवली, तर पाहुण्या संघातले काही जण उठून गेले. प्रसंग कॅमेऱ्यात आला होता. कारवाई? शून्य.

त्या काळी हा खेळ हौशी होता. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र जेवणार, बिअर पिणार, विषय मिटला. ‘मैदानावरचं मैदानावर’ ही रीत. ऐकायला छान वाटतं, पण या रीतीचा फायदा नेहमी मारणाऱ्यालाच होतो. मार खाणाऱ्याच्या वाट्याला टाके.

जुलै 1994 मध्ये वेलिंग्टनच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या योहान ले रू याने न्यूझीलंडचा कर्णधार शॉन फिट्झपॅट्रिक याच्या कानाला चावा घेतला. रेफरीला दिसलं नाही, खेळ चालू राहिला. टीव्ही कॅमेऱ्याला मात्र दिसलं. यावेळी सुनावणी झाली आणि ले रूवर दीड वर्षाहून जास्त बंदी आली. पुढच्याच वर्षी त्याच्या देशात विश्वचषक झाला, नेल्सन मंडेलांनी संघाची जर्सी घालून कर्णधाराच्या हाती चषक दिला. ले रू त्या संघात नव्हता.

ऑगस्ट 1995 मध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं. पैसा आला, कॅमेरे वाढले, वकील आले. जेवणाच्या टेबलावर प्रकरण मिटवणं आता चालण्यासारखं नव्हतं. हळूहळू एक पद्धत रुजली. सामन्यासाठी साइटिंग कमिशनर नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमतात. तो चित्रीकरण तपासतो आणि रेड कार्डाच्या लायकीचा प्रकार सुटला असेल, तर ठरलेल्या मुदतीत खेळाडूला सुनावणीसमोर उभं करतो. शिक्षेचे तीन स्तर आहेत: खालचा, मधला, वरचा. गुन्हा कबूल केला, आधीची नोंद स्वच्छ असली, तर निम्म्यापर्यंत सूट. अगदी आपल्या कोर्टासारखंच.

पण यंत्रणा उभी राहिली म्हणजे न्याय झाला, असं होत नाही.

25 जून 2005, क्राइस्टचर्च. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा कर्णधार ब्रायन ओ’ड्रिस्कॉल याला सामना सुरू होताच ताना उमागा आणि केवेन मेआलामू या दोघांनी उचलून जमिनीवर आपटलं. चेंडू तिथून निघून गेला होता. खांदा निखळला, दौरा संपला. साइटिंग कमिशनर तटस्थ देशाचा होता. त्याने या दोघांना बोलावलंच नाही. त्याच सामन्यात मेआलामूच्या बोटाला चावल्याबद्दल लायन्सच्या डॅनी ग्रूकॉकवर मात्र दोन महिन्यांची बंदी आली. पुढे नवं चित्रीकरण बाहेर आलं, तरी त्या दोघांवर कारवाई झाली नाही.

27 जून 2009, प्रिटोरिया. पहिल्याच मिनिटाला दक्षिण आफ्रिकेच्या स्काल्क बर्गरने ल्यूक फिट्झजेराल्डच्या डोळ्यांजवळ बोटं रुतवली. मैदानावर फक्त यलो कार्ड मिळालं. दहा मिनिटांनी गडी परत आत. नंतर सुनावणी होऊन आठ आठवड्यांची बंदी आली खरी, पण लायन्स तो सामना 28-25 असा शेवटच्या क्षणी हरले होते आणि मालिकाही गेली होती. बंदीचा फायदा झाला तो पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना. ज्याच्या डोळ्यापर्यंत बोटं गेली, त्याच्या संघाला काय मिळालं?

ऑगस्ट 2023 मध्ये इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याने वेल्सच्या खेळाडूच्या डोक्याला खांदा मारला. यलोचं रेड झालं. तीन दिवसांनी शिस्तपालन समितीने ते रेड रद्द केलं! तेव्हा खेळाची सर्वोच्च संस्था वर्ल्ड रग्बी स्वतः अपिलात गेली आणि चार सामन्यांची बंदी घडवून आणली. विश्वचषकातले पहिले दोन सामने त्यातच गेले.

एवढी धडपड कशासाठी? 2003 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातला स्टीव्ह थॉम्पसन आज सांगतो, की तो विजय त्याला आठवतच नाही. चाळिशीतच स्मृतिभ्रंश. 2020 मध्ये अशा माजी खेळाडूंनी खेळाच्या संस्थांवर कायदेशीर कारवाई सुरू केली. डोक्याला बसलेला मार शिट्टी वाजली म्हणून थांबत नाही, तो वीस वर्षांनी हिशेब मागतो.

मी गेली कित्येक वर्षं तालुक्यातल्या कबड्डी-कुस्तीच्या स्पर्धा कव्हर करतोय. तक्रार ऐकणारा आयोजक, संघ त्याचाच, पंच त्याच्याच ओळखीचा, हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. पोराचा गुडघा गेला तर वर्गणी काढतात, चौकशी कुणी करत नाही. मोबाइलमध्ये व्हिडिओ सगळ्यांकडे असतो. तो बघून निर्णय देणारा माणूस नेमलेला नसतो.

रग्बीवाल्यांचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही, वरची उदाहरणंच बघा. पण त्यांनी तीन गोष्टी ठरवून टाकल्या: तपासणारा बाहेरचा हवा, तक्रारीला मुदत हवी आणि निकाल कारणांसह लेखी हवा. म्हणूनच 2023 चा चुकलेला निकाल आठवडाभरात दुरुस्त होऊ शकला. 1978 मध्ये तर दाद मागायची कुणाकडे, हेच ठरलेलं नव्हतं.

आपल्या गावच्या पुढच्या स्पर्धेची वर्गणी देताना आयोजकांना तेवढं एकच विचारा: दाद कुणाकडे मागायची?