सीताफळाचे संशोधन

यंदा ऐन दिवाळीत आमच्या धाकटीने डॉक्टर होण्यास साफ नकार दिला. घरात अबोला. समोर सीताफळांची टोपली होती, म्हणून मी तिला कमल रणदिव्यांची हकिकत सांगितली.

त्या पुण्याच्या, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलीने एम्.एस्सी.साठी विषय घेतला तो सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा!

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाकडे वळल्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळाली. पेशी शरीराबाहेर, काचपात्रात जगवायची विद्या त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे शिकल्या. अशा पेशींना ऊब हवी, वेळेवर अन्न हवे, जंतूंचा स्पर्श नको. थोडक्यात, बाळंतिणीच्या खोलीतलीच शिस्त! परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिलीच. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते काय, हे त्या उंदरांवर तपासत राहिल्या.

१९८२ साली पद्मभूषण मिळाले. मला मात्र अप्रूप वाटते ते उतारवयातल्या कामाचे. कर्करोगाच्या पेशी पाहण्यात हयात गेलेली ही बाई सह्याद्रीलगतच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करू लागली. २००१ साली त्या निवर्तल्या.

धाकटीने सारे ऐकले. मग तिच्या आईनेच विचारले, "पण सीताफळात त्यांना सापडले काय?"