गाळउपसा आणि सागरी पर्यावरणरक्षण

बंदर, जलमार्ग किंवा जेटीसाठी समुद्रतळ खोल करताना तिथली जीवसृष्टी आणि मासेमारी जपण्याचे उपाय. समुद्र नसलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तलावातला गाळ शेतात पसरता येतो. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा पायाच तो. बंदरातला गाळ मात्र खारा, बऱ्याचदा तेल व जड धातूंनी दूषित. त्याला शिवार नाही. बहुतेकदा तो खोल समुद्रातच नेऊन टाकतात. म्हणून गाळ किती काढला यापेक्षा कुठे टाकला, हे आधी पाहावे.

गाळ उपसणारा ड्रेजर तळ खरवडतो तेव्हा तिथले शिंपले व कृमी गाळाबरोबरच जातात. उठलेला गढूळपणा प्रकाश अडवतो, माशांच्या कल्ल्यांत बसतो आणि ओहोटीबरोबर कामाच्या हद्दीबाहेर पसरतो. तो रोखायला पाण्यात गाळपडदे सोडतात. संथ पाण्यात ते उपयोगी पडतात. मुंबईच्या समुद्रात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सुमारे ५ मीटरपर्यंत जातो, तिथे त्यांचा भरवसा थोडाच. माशांच्या विणीच्या काळात काम थांबवणे, ड्रेजरच्या टाकीतून सांडणारे गढूळ पाणी कमी करणे आणि गढूळपणा मर्यादेबाहेर गेला की यंत्र बंद करणे, हे उपाय अधिक खात्रीचे, पण कंत्राटाच्या वेळापत्रकाला न मानवणारे.

उरण परिसरात जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पुढच्या भरावांनी खारफुटी गेली, खाडीत येणारे भरतीचे पाणी आणि होड्यांची वाट अडली, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. खाडीवरचा उदरनिर्वाह बुडणे हेही पर्यावरणाचे नुकसान म्हणून मोजले गेले, हे या निकालाचे खरे मोल.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये नेमलेल्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये या तालुक्यातले प्रस्तावित वाढवण बंदर नाकारले. नव्या प्रस्तावाला मात्र त्यानेच ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. इथे खोली निसर्गतःच सुमारे २० मीटर असल्याने उपशापेक्षा १,४४८ हेक्टरांचा भराव मोठा, आणि त्याची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून काढायची आहे. त्यामुळे वाढवणचा परिणाम वाढवणपुरताच तपासून भागत नाही.