उबेचं घर आपल्याकडे कशाला?

मंडळी, ह्या विकांताचा विषय आहे लाल-पिवळी ढोबळी मिरची. तीच ती, पिझ्झावरची. आपण तिला सर्रास सिमला मिरची म्हणतो, पण वाशीच्या एपीएमसीत दिसणारी ही मिरची पुणे, सातारा, नाशिककडच्या पॉलिहाऊसमधलीही असते. आता गंमत बघा. पॉलिहाऊस ही मूळची थंड देशांची सोय, उन्हाळी भाजी थंडीत पिकवायची म्हणून केलेली. मग जिथे एप्रिलात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथे ह्या उबेच्या घराचं काय काम?

थोडं मागे जाऊ. रोमचा सम्राट टायबेरियस ह्याला रोज काकडी लागायची. प्लिनीने लिहून ठेवलंय की त्याचे माळी चाकांवरच्या वाफ्यांत काकडी लावत, उन्हात ढकलत नेत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा हे सम्राटालाच परवडत होतं! पुढे काच आली, तीही श्रीमंतांचीच. चित्र बदललं ते प्लास्टिकमुळे. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग फसला आणि भांड्यात पांढरा मेणचट थर उरला. तेच पॉलिथिन. १९४८ मध्ये अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट ह्या प्राध्यापकांनी, काच महाग पडते म्हणून, लाकडी सांगाड्यावर सेलोफेन ताणलं. नंतर सेलोफेनची जागा पॉलिथिनने घेतली आणि कमानीवर प्लास्टिक ओढलं की झालं, इतकं ते सोपं झालं.

पण आत गरम का होतं? काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून, असं आपण शाळेत शिकलो. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड ह्या शास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर हे किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाची पातळ चकती. दोन्ही जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य काम कोंडलेल्या हवेचं.

ही गोष्ट कळली की आपलं कोडं सुटतं. हवा कोंडली तर ऊब, मोकळी सोडली तर नुसतं छप्पर.

लेहमध्ये, साधारण ३५०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो. तिथे संरक्षण खात्याची कृषी प्रयोगशाळा १९६२ पासून भाजीपाल्यावर काम करतेय. तिकडचं हरितगृह म्हणजे तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला प्लास्टिक आणि हवा घट्ट बंद. आता मावळात किंवा जुन्नरला या. इथलं पॉलिहाऊस चांगलं दुमजली घराएवढं उंच, माथ्यावर गरम हवा निसटायला कायमची फट, बाजूचे पडदे गुंडाळून वर करता येणारे आणि आत सावलीची जाळी. तेच प्लास्टिक, त्याच कमानी, काम बरोबर उलटं! इथे ते पाऊस आणि कडक ऊन बाहेर ठेवतं. हिरवी ढोबळी उघड्या शेतातही येते. पण लाल-पिवळी व्हायला तिला पुढे आणखी काही आठवडे झाडावर लटकावं लागतं. तेवढ्यात उघड्यावर ती उन्हाने भाजते नाहीतर पावसात सडते.

आपल्याकडे हे पसरलं ते मुख्यतः २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानानंतर. मान्य खर्चाच्या निम्मं अनुदान. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाच्या केंद्रात प्रशिक्षण घ्यायचं, ट्रकने लाल माती आणायची, गादीवाफे, ठिबक... ऐकायला एकदम मस्त. पण २०१४ च्या निकषांनी १० गुंठ्यांच्या नुसत्या सांगाड्याचा मान्य खर्चच नऊ लाखांच्या आसपास होता, एकराचा तेहतीस लाखांवर. अनुदान बांधून झाल्यावर येणार, तोवर बँक. २०१७ च्या राज्य कर्जमाफीची मर्यादा होती दीड लाख रुपये. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा.

आणि मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळ, खेड, जुन्नरमध्ये शिरलं. उंच सांगाडा आणि ताणलेलं प्लास्टिक म्हणजे वाऱ्याला आयतं शीडच. कागद फाटले, पाइप वाकले. लॉकडाऊनमुळे त्या वर्षी माल आधीच अडकला होता. आत पीक होतं, डोक्यावर हप्ता होता.

आपल्या कामात एखादं सॉफ्टवेअर बाहेरून आणलं की इथल्या गरजेप्रमाणे बदलून घेतात. ह्या शेतकऱ्यांच्या घराचंही तसंच झालं. ऊब धरणारं घर हवा सोडणारं झालं. पण त्याची किंमत आणि कर्जाचे नियम मात्र त्यांच्यासाठी तितकेसे बदलले नाहीत. वाऱ्याने फाटलेल्या कागदाचा विमा काढलेला असेल तर ठीक, नाहीतर तो धोका ज्याचा त्यानेच पेलायचा.

असो. पुढच्या वेळी पिवळी मिरची महाग वाटली, तर भाव जरूर करा. फक्त त्या नऊ लाखांच्या छपराची आठवण ठेवून करा, इतकंच.