ओल्या अंथरुणाचा इतिहास

१९११ साली इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत आठ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. आठवडा-दोन आठवडे गेले आणि त्याचं अंथरूण रात्री ओलं व्हायला लागलं. घरी हे केव्हाच थांबलं होतं. आज असं होऊ देऊ नको, म्हणून तो रोज रात्री देवाची विनवणी करायचा; सकाळी कधी चादर कोरडी असायची, कधी ओली. शेवटी मुख्याध्यापकांनी त्याला घोडेस्वारीच्या छडीने मारलं. ‘काही लागलं नाही,’ असं तो बाहेर येऊन बोलला, ते ऐकू गेलं, म्हणून पुन्हा मारलं. या वेळी छडी मोडली.

हा मुलगा बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजे पुढचा जॉर्ज ऑर्वेल. ‘सच, सच वेअर द जॉइज’ हा त्याचा शाळेच्या आठवणींचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापला गेला. या प्रसंगातून आपण काय शिकलो, तेही त्याने लिहिलंय: जे आपण करत नाही, जे नुसतं आपल्या बाबतीत घडतं, तेही पाप ठरू शकतं. झोपेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी मिळाली, तर मूल दुसरं काय शिकणार?

गंमत म्हणजे जुन्या वैद्यकाने याला गुन्हा म्हटलेलं नाही. इजिप्तमधल्या सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये मुलांच्या या तक्रारीवर औषध आहे. रोमन लेखक प्लिनीने उकडलेले उंदीर खाऊ घालायला सांगितलं. थॉमस फेअर या वैद्याने १५४०च्या दशकात इंग्रजीत बालरोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात अंथरूण ओलं करण्यावर वेगळा भाग आहे आणि उपाय म्हणून कोंबड्याच्या श्वासनलिकेची जाळून केलेली पूड. आपल्या ‘शार्ङ्गधरसंहिते’तही बालरोगांच्या यादीत ‘शय्यामूत्र’ आहे. उपाय वाचून हसू येतं, पण निदान पुस्तकात तरी मूल रोगी होतं, आरोपी नव्हतं. घरात मात्र वेगळं चालायचं. ‘विस्तवाशी खेळू नकोस, रात्री अंथरुणात मुतशील,’ हे आपल्यातल्या अनेकांनी ऐकलंय. म्हणजे दोष शेवटी पोराचाच.

खरा उपाय सापडला तो चुकून. १९०४ साली माइनहार्ड फॉन फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने वॉर्डमधल्या मुलांच्या अंथरुणाखाली एक विजेची जोडणी बसवली. लघवीत क्षार असतात, त्यातून वीज वाहते. अंथरूण ओलं झालं की सर्किट जोडलं जायचं आणि घंटा वाजायची. ही घंटा नर्सेससाठी होती, कुणाचे कपडे बदलायचे ते त्यांना लगेच कळावं म्हणून. काही दिवसांनी लक्षात आलं, की घंटा वाजण्याचं प्रमाणच कमी झालंय. मुलं कोरडी राहायला लागली होती.

याचा नीट अभ्यास व्हायला आणखी ३४ वर्षं गेली. १९३८ साली अमेरिकेत होबार्ट आणि विली मे मावरर या दांपत्याने ३० मुलांवर हीच पद्धत वापरली आणि सगळ्यांचं अंथरूण कोरडं झालं. त्यांचं स्पष्टीकरण पावलॉव्हच्या कुत्र्यांसारखंच होतं: मूत्राशय भरल्याची जाणीव आणि घंटेने येणारी जाग यांची मेंदूत गाठ पडते. मग घंटेआधीच जाग येते. आजचे छोटे अलार्म याच तत्त्वावर चालतात. फरक पडायला अनेक आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मूल बहुतेकदा अलार्मनेही उठत नाही. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाने उठून त्याला जागं करायचं असतं. यंत्र असलं तरी जागरण माणसालाच.

हे सगळं छापून आल्यानंतरच्या वर्षीच, सप्टेंबर १९३९ मध्ये, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधल्या शहरांतून लाखो मुलं खेड्यापाड्यांत अनोळखी घरी पाठवली गेली. लगेच ओरड सुरू झाली: गाद्या भिजताहेत! शहरातल्या गरीब आयांनी पोरांना वळण लावलं नाही, असा निष्कर्ष निघाला. आईपासून तुटलेलं, घाबरलेलं मूल फारसं कुणाला दिसलं नाही. शेवटी सरकारने अशा मुलांना ठेवून घेणाऱ्यांना धुण्याचे जादा पैसे दिले, आणि कुठल्याच घरात न टिकणाऱ्यांसाठी वसतिगृहं काढली. अशाच वसतिगृहांमधल्या मुलांबरोबर डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी युद्धाच्या काळात काम केलं.

शरीरातली कारणं पुढे हळूहळू कळत गेली. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन वाढवतं. काही मुलांमध्ये ही वाढ पुरेशी होत नाही, हे १९८०च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यातली सुमारे १५ टक्के आपोआप थांबतात. बराच काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

सगळ्यात बोलका आकडा आनुवंशिकतेचा आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हॅरी बॅकविन यांच्या पाहणीत, आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर ७७ टक्के मुलांना तो होता, एकालाच असेल तर ४४ टक्क्यांना, कुणालाच नसेल तर १५ टक्क्यांना.

म्हणजे सकाळी गच्चीवर ओली गोधडी वाळत पडते, शेजारचे बघतील म्हणून मूल खाली मान घालून बसतं, तेव्हा त्याच घरात बहुधा एक मोठा माणूस असतो, ज्याची गोधडी कधीकाळी अशीच उन्हात पडायची. तो गप्प असतो. ‘माझंही व्हायचं रे. थांबलं नंतर,’ एवढं त्याने सांगितलं तरी पुष्कळ आहे. आठ वर्षांच्या एरिकला हे सांगणारं त्या शाळेत कुणीच नव्हतं.