रस्त्यावर कुणाचा चेहरा?



गेल्या महिला दिनाला आमच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांचे अठरा फोटो मी मोजले. त्यात बाई एकच, तीही कोपऱ्यात. कार्यक्रम बचत गटांचा, स्वयंपाकही आम्हीच केलेला. तेव्हापासून मनात घोळतंय, रस्त्यावर कुणाचा चेहरा लावायचा हे ठरवतं कोण? अमेरिकेतल्या एका वस्तीनं हे स्वतःच ठरवलं होतं. आज तिची गोष्ट.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात ब्राँझव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती. दक्षिणेकडच्या राज्यांतला जाच सोडून, कामाच्या शोधात माणसं इथं आली. पण घर मिळेना. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही, असे करारच गोऱ्या मालकांनी करून ठेवले होते. त्यामुळे एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं.

याच वस्तीत ग्वेंडोलिन ब्रूक्स ही कवयित्री लिहीत होती. १९४५ साली तिचा पहिला संग्रह आला, तो ब्राँझव्हिलच्या माणसांवरच. १९५० साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. आणि बातमी आली तेव्हा घरात अंधार होता, कारण विजेचं बिल भरलेलं नव्हतं! बायांनो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

१९६७ साली कृष्णवर्णीय चित्रकारांच्या एका गटानं त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या एका जुनाट इमारतीची भिंत रंगवायला घेतली. सरकारनं सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या लोकांसाठी. नाव दिलं ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे सन्मानाची भिंत. तिची आखणी केली सिल्व्हिया अबरनॅथी या बाईनं. संगीत, नाटक, खेळ, राजकारण असे भाग पाडले आणि एक भाग ठेवला साहित्याचा. त्यात ड्यू बॉइस, अमिरी बराका आणि ब्रूक्सबाई. चित्रांच्या जोडीला फोटोही लावले. ज्या रस्त्यावरून पोरं शाळेत जात, तिथंच त्यांच्या वस्तीतली कवयित्री दिसू लागली. त्या भिंतीवर ब्रूक्सबाईंनी कविता लिहिली आणि लोकांसमोर वाचली.

१९७१ साली इमारतीला आग लागली आणि पुढं ती पाडली गेली. पण तोवर इतर शहरांतही वस्त्यांच्या भिंती बोलू लागल्या होत्या. चित्र गेलं, रीत राहिली.

आपलं नातंही जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्यापैकी किती जणींनी तिचं नाव चौकात वाचलंय?

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. पुढच्या महिला दिनाला वर्गणी काढून आपलाच कापडी फलक लावायचा. चित्र शाळेतल्या मुली काढतील. हातात पाटी घेतलेली मुलगी आणि शेजारी मोठ्या अक्षरात ‘मुक्ता साळवे’. खाली गावातल्या ओव्या रचणाऱ्या आज्यांची नावं. शुभेच्छुक कुणीच नाही.

तुमच्या चौकात कुणाचं नाव लिहाल? आजच्या बैठकीत विषय काढा.