आखूड केलेली काठी

आमच्या वांद्र्याच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून एक वेताचा तुकडा लावलेला असे. साडेपाच इंच लांब, वरच्या टोकाला गोलसर, आणि त्याच्यावर काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे. खिडकीचा अडसर केव्हाच मोडला होता आणि सरकारी वसाहतीतला मोडलेला अडसर दुरुस्त व्हायला अर्ज, आठवण आणि पुन्हा अर्ज एवढा प्रवास करावा लागे. तोपर्यंत हा तुकडा कामाला आला, आणि पुढे तोच कायम झाला. पाहुण्यांपैकी कोणी विचारले तर आई सांगे, “यांच्या काठीचं डोकं आहे ते.” प्रत्यक्षात ते डोके नव्हते, शेपूट होते. हॉकीच्या काठीचे डोके खाली असते.

१९८८ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी अण्णांनी आपली काठी माझ्यासाठी कापली, तिचे हे वरचे टोक. हॉकीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे, आणि तो बहुतेक सगळा पदकांचा इतिहास आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढण्याचा योग आला नाही. शाळेत मुले शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण मुलांना इतिहास शिकवताना हा खिडकीतला तुकडा मला वारंवार आठवत आला आहे, म्हणून आज त्याच्या बाजूने थोडे लिहितो.

वांद्रे आणि हॉकी यांचे नाते बाहेरच्यांना एकदम कळत नाही. रुळांच्या पूर्वेला आम्ही, म्हणजे कचेरीतल्या कारकुनांची मराठी घरे. पश्चिमेला ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती मंडळींची जुनी गावठाणे: चिंबई, रनवर, पाली. १८६३ साली सुरू झालेली सेंट स्टॅनिस्लॉस शाळा त्याच बाजूला. जोकीम कार्व्हालो तिथलाच, विरेन रस्किन्हाही तिथलाच; पहिला १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेला, दुसरा २००४ च्या अथेन्सला. आमच्या बाजूला क्रिकेटचे वेड. स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडे गेले की मुलांच्या हातांतल्या काठ्या बदलत. अण्णा मात्र कचेरीच्या संघातून हॉकी खेळत, आणि शनिवारी दुपारी मला पुलापलीकडे सामने बघायला नेत.

तिथे चॅपल रोडच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ घराच्या ओटीवर बसून काठ्या दुरुस्त करीत. सारे त्यांना अंकल म्हणत. त्यांच्या ओटीवर मी पहिल्यांदा काठी उघडी पाहिली. बाहेरून ती एक सलग लाकूड वाटते. तशी ती नसते. खालचे वळलेले डोके तुतीच्या लाकडाचे. तुती चिवट, तिचे धागे दाट, वाफ देऊन वाकवली तरी ती तुटत नाही. इंग्रजांच्या जुन्या काठ्या ॲश लाकडाच्या असत आणि त्यांचे नाक लांब असे. आपल्याकडच्या तुतीमुळे ते नाक आखूड आणि वळण घट्ट करता आले. चेंडू उजवी-डावीकडे झटपट फिरवण्याची जी किमया परदेशी लोकांना जादू वाटली, तिच्यात हाताइतकाच या आखूड नाकाचा भाग होता. हॉलंडमध्ये ध्यानचंदांची काठी फोडून आत लोहचुंबक आहे का ते पाहिले, अशी एक कथा सांगतात. खरी असेल तर फोडणाऱ्यांच्या हाती तुतीच्या चिरफळ्या लागल्या असतील.

मूठ मात्र वेताची. वेत मलाया-सिंगापूरकडून येई. त्याच्या पट्ट्या चिकटवून, मध्ये रबराच्या पातळ पट्ट्या घालून दांडा करीत, म्हणजे फटक्याचा हादरा हाताला बसत नाही. दांड्याचे खालचे टोक आणि डोके पाचरीच्या आकाराने एकमेकांत बसवलेले, आणि त्यावर दोरा. आता यात मौज अशी की प्रत्येक भाग वेगळा असल्यामुळे प्रत्येक भाग वेगळा दुरुस्त करता येई. आणि करवत, कानस, सरस, मेण, दोरा ही दुरुस्तीची हत्यारे ज्याच्या घरी नसतील त्याच्या शेजारी तरी असतच.

या धंद्याचा उगमच एका दुरुस्तीत आहे असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सियालकोटच्या छावणीतल्या कोणा गोऱ्या अंमलदाराची टेनिसची रॅकेट मोडली. विलायतेहून नवी यायला महिने लागणार, म्हणून त्याने ती गावातल्या कारागिराकडे दिली. कारागिराने ती नीट केली, आणि नीट करताना ती कशी केलेली असते तेही पाहून घेतले. पुढे सियालकोट साऱ्या साम्राज्याला बॅटी, रॅकेटा आणि काठ्या पुरवू लागले. गोष्टीचे तपशील थोडे इकडचे तिकडे झाले असतील. पण सियालकोटचा धंदा खराच, आणि १९४७ साली तिथले हिंदू कारागीर निर्वासित होऊन जालंदर आणि मेरठला आले, त्यांनी तिथे पुन्हा भट्टी पेटवली, हेही खरे. अण्णांची काठी जालंदरची होती. फाळणी शिकवताना मी वर्गात हे सांगतो. आकड्यांनी न हलणारी मुले काठीच्या गोष्टीने हलतात.

मुंबईचाही या इतिहासात एक मान आहे, आणि तो थोडा खोडसाळ आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला जाणारा संघ बोटीत चढण्यापूर्वी मुंबईच्या संघाकडून हरला. ध्यानचंदांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. धक्क्यावर निरोप द्यायला तीनच माणसे आली होती, तेही लिहिले आहे. सुवर्णपदक घेऊन तोच संघ परतला तेव्हा त्याच मुंबईने गर्दी केली. १९४८ साली वेंब्लीवर आपण ग्रेट ब्रिटनला, म्हणजे ज्यांनी खेळ शिकवला त्यांनाच, चार-शून्य हरवले. त्या पथकात मुंबईचे लिओ पिंटो, मॅक्सी वाझ होते. अंकल ही नावे सांगताना हातातला दोरा थांबवीत.

तर १९८८. मला काठी हवी होती आणि लहान मुलाची नवी काठी घेण्याइतके पैसे महिनाअखेरीस नव्हते. अण्णांनी मला भिंतीशी उभे केले, आपली काठी शेजारी धरली. साडेछत्तीस इंचांची काठी माझ्या छातीपर्यंत आली. आई म्हणाली, “अहो, एकुलती एक काठी आहे तुमची.” अण्णा म्हणाले, “गुडघे कुठं चालतात आता माझे?” गुडघ्यांची तक्रार आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकली.

अंकलांनी सांगितले होते: कापायचे ते नेहमी वरून, डोक्याच्या बाजूने कधी नाही, पाचर खाली आहे. आणि आधी बांधायचे, मग कापायचे. अण्णांनी साडेपाच इंचांवर खूण केली, खुणेच्या दोन्ही अंगांना दोरा घट्ट गुंडाळला, कारण वेताच्या पट्ट्या मोकळ्या असताना करवत लावली तर त्या फणीसारख्या उकलतात. करवत बारीक दातांची. काठी गुडघ्याखाली दाबून, हळूहळू फिरवत, चारी बाजूंनी. शेवटी कानशीने कड गोल केली, मेणात ओढलेला सुती दोरा दिला, आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबची टोपी.

एवढे करून काठी माझी झाली असे मला वाटले. पण कापलेली काठी ही लहान काठी नसते. मूठ हलकी झाली, डोक्याचे वजन तेवढेच राहिले, म्हणून तिचा तोल पुढे गेला. दुसरी अडचण अधिक नाजूक. दांडा वरच्या टोकाला गोल असतो आणि खाली येता येता चपटा होतो. काठी फिरवतो तो डावा हात, आणि त्याला गोलाई लागते. वरचे साडेपाच इंच गेल्यावर माझा डावा हात चपटेपणाच्या हद्दीवर आला. अण्णांनी ते न बोलता ओळखले. तिथे दोऱ्याचे जास्त वेढे देऊन खोटी गोलाई आणली. ती काठी मी सात वर्षे वापरली.

या सात वर्षांत ती तीनदा दुरुस्त झाली. पहिल्यांदा डोक्याला चीर गेली. अंकलांनी सरस रात्रभर भिजवला, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून वितळवला, चिरेत भरला, आणि वरून दोरा. दोरा चिंबईतल्या कोळ्याकडचा. जुना सुती, नायलॉनचा नव्हे, कारण नायलॉन सरस पीत नाही. वेढे किती द्यायचे याला मात्र मर्यादा. नियमाप्रमाणे काठी, तिच्यावरच्या सगळ्या बांधणीसकट, दोन इंच आतल्या व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे. अंकलांच्या ओटीवर तसे एक लोखंडी कडे खिळ्याला टांगलेले असे. प्रत्येक काठी त्यातून काढून मगच ते पैसे मागत. दुसऱ्या खेपेचा दोष माझा. जूनमध्ये काठी न्हाणीघराबाहेर राहिली, समुद्राकडच्या दमट हवेने सरस सुटला. तेव्हापासून पावसाळ्यात काठी माळ्यावर, जवसाचे तेल लावून.

असे फक्त वांद्र्यात होत होते असे नाही. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मैदानाची देखभाल करणाऱ्याच्या घरी, धनराज पिल्ले भावांबरोबर मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळ शिकला. तो १९६८ चा. पुढे चार ऑलिंपिक खेळला, १९९८ साली बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार झाला. मोडकी काठी बांधता येत नसती तर त्या घराला हा खेळ परवडला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपली हॉकी १९७६ साली माँट्रियलच्या कृत्रिम गवतावर बुडाली, असे सगळे म्हणतात. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला संघ तिथे सातवा आला, हे खरेच. पण आणखी एक बदल चोरपावलांनी आला, त्याची तारीख कोणी सांगत नाही. ऐंशीच्या दशकात लाकडावर काचतंतूंचे वेष्टन आले, नव्वदीत सबंध काठीच तंतू आणि राळेची झाली. उत्तरेकडच्या नॉर्वे-स्वीडनमधल्या बर्फावरच्या काठ्यांचीही हीच कहाणी: बांबूच्या होत्या तोवर घरीच उंचीप्रमाणे कापत, मग ॲल्युमिनियम आले, मग तंतू. नव्या काठीचा फटका जोरदार, पावसाने ती फुगत नाही. वाईट म्हणण्याचे कारण नाही. लाकडी काठ्याही लहान मुलांसाठी अजून मिळतात.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा अशी काठी घेऊन आला. बापाने हप्त्याने घेतलेली. “सर, तुम्ही दुरुस्त करता ना?” माझी ही ख्याती कोणी पसरवली कोण जाणे. आखूड करायची असती तर केली असती. ओले फडके बांधून, भुकटी नाकात जाऊ न देता, तीही कापता येते. पण ती मानेशी फुटली होती. आत पोकळ नळी, आणि कडेला काळे तंतू केसांसारखे उभे. सरस कशाला लावायचा, दोरा कशावर ओढायचा? मी ती दोन दिवस घरी ठेवून घेतली, कारण नाही म्हणायचे धैर्य होत नव्हते, आणि मग परत दिली.

अण्णा १९८८ नंतर हॉकी खेळले नाहीत. कचेरीच्या संघाचा एक फोटो होता, त्यात पुढच्या वर्षीपासून ते कडेला, साध्या कपड्यांत उभे आहेत. गुडघ्यांचे विचाराल तर पुढे सत्तरीपर्यंत ते तीन मजले रोज चढत होते. वसाहतीतले घर सोडताना आईने खिडकीतला तो तुकडा काढून पिशवीत घातला. नव्या घराच्या खिडक्या सरकत्या आहेत, त्यांना टेकू लागत नाही. म्हणून तो माझ्या टेबलावर आहे, आणि वाऱ्याने हे कागद उडू नयेत म्हणून आत्ता त्यांच्यावर ठेवला आहे.